विज्ञानाचा तास कापून वाचन सुधारणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यावर २०२५ मध्ये जो गदारोळ झाला, तो बहुतेक भाषा किती आणि कोणत्या एवढ्यावरच झाला. ती चर्चा गरजेची होती. पण त्या गोंगाटात एक गोष्ट मागे राहिली. वाचनाचे नवे निकष गाठण्याच्या घाईत प्राथमिक शाळांतला विज्ञानाचा तास हळूहळू गायब होतो आहे. त्याबद्दल हे पत्र.

मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. निवृत्तीनंतर घराजवळच्या मनपा शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना वाचायला मदत करायला जाते. मुलं मला ‘पाण्याच्या बाई’ म्हणतात. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या शिक्षिका जीव तोडून शिकवतात, आणि माझी तक्रार त्यांच्याबद्दल अजिबात नाही. शिवाय इतर शाळांत जाणाऱ्या माझ्या मैत्रिणीही हेच सांगतात.

आधी निकषांबद्दल. केंद्राने जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधा हिशेब करता यावा, हे त्याचं उद्दिष्ट. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द. संख्याज्ञान दुसरीला ९९९ पर्यंत, तिसरीला ९९९९ पर्यंत. मला हे निकष मनापासून पटतात. चौथीत येऊनही जोडाक्षरापाशी अडखळणारी, मान खाली घालून बसणारी मुलं मी पाहते. घरी कुणी कन्नड बोलतं, कुणी बंजारा, कुणाचे आईवडील पहाटेच कामावर जातात. या मुलांना तिसरीपर्यंत वाचता आलंच पाहिजे, असं सरकारने लेखी म्हणावं, याला मी फार मोठी गोष्ट मानते.

पण निकषात ‘समजून’ हा जो शब्द आहे, तो वर्गापर्यंत येईतो गळून पडतो. समजलं की नाही हे घड्याळ लावून मोजता येत नाही. शब्द मोजता येतात, म्हणून शब्दच मोजले जातात. तपासणी आली, की मुलाला उतारा द्यायचा, मोबाइलवर मिनिट लावायचं, आकडा लिहायचा, संध्याकाळी लिंक भरायची. आकडा वाढवायचा तर सराव हवा, सरावाला वेळ हवा, आणि वेळापत्रकात हात घालायला सोपा तास एकच, परिसर अभ्यासाचा. प्राथमिकच्या मुलांचं विज्ञान याच विषयात येतं. मी एका शिक्षिकेला विचारलं, तर त्या म्हणाल्या, “बाई, आधी वाचता तर येऊ दे. विज्ञान काय, सहावीत आहेच की.” वरून दट्ट्या कसला आहे ते मला ठाऊक आहे, त्यामुळे त्यांना मी काही बोलले नाही. बोलायचं आहे ते दट्ट्या देणाऱ्यांशी.

चौथीतल्या एका मुलीने माझ्यासमोर बाष्पीभवनाचा परिच्छेद खाडखाड वाचून दाखवला. ‘बाष्पीभवन’ या शब्दापाशीही अडखळली नाही. निकषाप्रमाणे ती निपुण. मी विचारलं, “दोरीवरचे कपडे वाळतात, तर त्यातलं पाणी जातं कुठं?” थोडा विचार करून ती म्हणाली, “ऊन पितं.” उत्तर मला आवडलं, कारण ते तिचं स्वतःचं होतं. पण आत्ताच वाचलेल्या परिच्छेदाचा आणि या प्रश्नाचा काही संबंध आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. पुढे “मग रात्री पंख्याखाली कपडे कसे वाळतात?” असं विचारल्यावर ती गप्प झाली, आणि तिने आपणहून पुस्तक पुन्हा उघडलं. समजून वाचणं मला त्या क्षणी दिसलं. कारण तिला आता काहीतरी शोधायचं होतं.

पावसाळ्यात धरणातून पाणी गढूळ येतं, तेव्हा तुरटीसारख्या रसायनाची मात्रा किती हे ठरवायला आम्ही प्रयोगशाळेत एकाच पाण्याची अनेक भांडी मांडून प्रत्येकात वेगळी मात्रा घालून बघत असू. तेच मी वर्गात काचेच्या बाटल्यांत केलं. मैदानातलं गढूळ पाणी घेतलं. एका बाटलीत काही नाही, एकीत तुरटी दोनदा फिरवली, एकीत जास्त वेळ. मग मुलांनी पाहत बसायचं आणि दिसेल ते लिहायचं. एरवी दोन ओळी लिहायला कुरकुरणाऱ्या मुलाने लिहिलं, ‘तुरटी फिरवली. आधी काय झालं नाही. मग कापसासारखे दिसले. मग ते खाली बसले. वरचं पाणी निवळलं.’ र्‍हस्वदीर्घाच्या चुका होत्या, पण क्रम बिनचूक होता, आणि ‘आधी काय झालं नाही’ हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं होतं.

पुढच्या वेळी क्लोरीन तपासायच्या गोळ्या नेल्या. गोळी मी माझ्या हाताने टाकते, मुलांना हात लावू देत नाही. नळाचं ताजं पाणी गुलाबी झालं, म्हणजे त्यात जंतू मारणारा क्लोरीन होता. मुलांनी घरून आणलेलं, पिंपात साठवलेलं पाणी मात्र तसंच राहिलं. वर्गात एकच कल्ला. एक म्हणे गोळी खराब, दुसरा म्हणे पिंप खराब. दुसरी गोळी टाकली, तरी तेच. मग कुणीतरी विचारलं, “बाई, पाणी कालचं होतं म्हणून का?” साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन हळूहळू उडून जातो, संपतो, हे मी नंतर सांगितलं. पण शंका त्यांची होती, आणि दुसऱ्या दिवशी किती तासांत रंग जातो हे बघायचं त्यांनीच ठरवलं. घरचे पिंप झाकलेले आहेत का, त्यात हात बुडवून पाणी काढतात का, याचीही यादी करून आणली. ती यादी वर्गात मोठ्याने वाचताना कुणालाही घड्याळाची आठवण झाली नाही.

पुण्यात राहणाऱ्याला हे पोरखेळ वाटू नयेत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, पाण्याकडे बोट गेलं, उकळलेलं पाणी प्या अशा सूचना निघाल्या. आमच्या वस्तीत ती सूचना अनेकांनी वाचली. पण “पाणी तर स्वच्छ दिसतंय, मग का उकळायचं?” हा प्रश्न मला शिकल्यासवरल्या माणसांनीही विचारला. त्यांना अक्षरं येत होती. निवळलेलं पाणी आणि निर्जंतुक पाणी यांतला फरक मात्र त्यांना शाळेत कुणी डोळ्यांनी दाखवला नव्हता.

वाचन आणि व्यवहारातलं ज्ञान वेगळं काढता येत नाही, हे याच शहरात फार पूर्वी सांगितलं गेलं आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं हेही लिहिलं होतं. मोडी आणि बालबोध (देवनागरी) वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, आणि त्यांच्याच जोडीला शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. आधी अक्षरं पुरी होऊ देत, मग शेती आणि आरोग्य बघू, असं त्यांनी म्हटलं नाही. तपासनिसांनी आगाऊ वर्दी न देता शाळेत यावं, असंही त्यांनी सुचवलं होतं. आजही तसं कुणी आलं, तर वेळापत्रकाच्या कागदावरचा परिसर अभ्यास आणि फळ्यावरचा तास यांत किती अंतर आहे ते दिसेल.

साधनांचं म्हणाल, तर पैसा ही खरी अडचण नाही. आयुका या पुण्यातल्या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काडेपेटी, स्ट्रॉ, सायकलची नळी यांतून विज्ञान शिकवून दाखवलं. पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि खेड्यातली मुलं हाताने काम करता करता शिकू शकतात हे सिद्ध केलं. हे सगळं आपल्याच जिल्ह्यातलं. तरीही मी पाहिलेलं विज्ञानाचं कपाट कुलपात असतं. परीक्षानळ्या जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या यादीत, चढवलेल्या. एक फुटली, की निर्लेखनाचे, म्हणजे ती यादीतून कमी करण्याचे, कागद रंगवायचे आणि जबाब मुख्याध्यापकांनी द्यायचा. कुलूप न उघडणं हेच त्यांना सोयीचं पडतं. काचसामान आणि रसायनं दरवर्षी थेट खर्ची टाकायची मुभा दिली, तर ते कुलूप आपोआप निघेल.

सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाचा किमान एक शिक्षक हवा, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच आहे. ती जागा भरलेली नसेल, तर “सहावीत आहेच की” या वाक्यालाही आधार उरत नाही. शिक्षकांवर टाकल्या जाणाऱ्या मतदार याद्या आणि सर्वेक्षणांच्या कामाबद्दल आपल्या पानावर पुष्कळ लिहून आलं आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद इथंच कुमठेकर रस्त्यावर आहे, बालभारती सेनापती बापट रस्त्यावर. दोन्हीकडच्या जाणत्यांना माझी विनंती आहे. वाचनाच्या तपासणीत गोष्टीच्या उताऱ्याबरोबर एक उतारा परिसर अभ्यासाचा ठेवा. त्याखाली असा एक तरी प्रश्न द्या, ज्याचं उत्तर उताऱ्यात जसंच्या तसं सापडणार नाही. मुलाने स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर चार वाक्यं लिहून घ्या आणि त्यालाही गुण द्या. जे तपासलं जाईल तेच शिकवलं जाईल, हे आपण सगळे जाणतो, म्हणून मागणी तपासणीपासूनच सुरू करते आहे. आणि सरावासाठी परिसर अभ्यासाचा तास घेऊ नये, असं एक स्पष्ट पत्रक काढा. त्या पत्रकाच्या आधारावर शिक्षिका वरिष्ठांना नाही म्हणू शकतील.

पालकांनीही शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एवढंच विचारावं, की या आठवड्यात परिसर अभ्यासात मुलांनी काय केलं. ‘कोणता धडा झाला’ असं नको, ‘काय केलं’ असं विचारावं.

बाटल्या, तुरटी आणि तपासणीच्या गोळ्या घेऊन शहरातल्या कुठल्याही मनपा शाळेत यायची माझी तयारी आहे. मात्र मला मोकळ्या तासाला नको, वेळापत्रकातल्या परिसर अभ्यासाच्या तासालाच बोलवावं.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी
पर्वती पायथा, पुणे