इंग्रजी शिकणाऱ्या शाळकरी मुलांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

इथे अमेरिकेत आपल्या पब्लिक, म्हणजे सरकारी, शाळांत, घरची भाषा इंग्रजी नसलेल्या मुलांसाठी ई.एस.एल.चे (इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकवण्याचे) जे वर्ग चालतात, त्यांना आर्थिक हातभार लावण्याचे आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीने एकमताने ठरवले आहे. शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस उरले असल्याने हे पत्र तातडीने पाठवत आहे.

हे काम मंडळाला नवे नाही. आपले पहिले अध्यक्ष आणि वहिनी यांनी स्वतःच्या तळघरात शनिवारी दुपारी नवागत मुलांना वाचायला बसवले, तेव्हा मंडळाकडे स्वतःची सतरंजीसुद्धा नव्हती. पुढे मराठी शाळेच्या ताईंनी ती जबाबदारी उचलली आणि केवळ आपल्याच नव्हे, तर नेपाळी, अरबी, स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतील मुलांनाही त्याच मायेने जवळ केले. गणेशोत्सवाच्या शिल्लक रकमेतून शाळेच्या ग्रंथालयाला सचित्र शब्दकोश दिले गेले, तेही त्यांच्याच आग्रहाने. ज्या ज्येष्ठ दांपत्याने नातवाच्या मुंजीचा आहेर न स्वीकारता ती सारी रक्कम या कामासाठी दिली, त्यांनी नाव न छापण्याची अट घातली आहे. ते कोण, हे आपण सर्व जाणताच. या सर्वांचे ऋण मंडळ विसरलेले नाही.

शाळा सरकारी असताना वर्गणी कशाला, असा प्रश्न काही सभासदांनी विचारला. १९७४ साली ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात, सॅन फ्रान्सिस्कोमधील चिनी वंशाच्या मुलांच्या बाजूने निकाल देताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सर्वांना तीच पुस्तके आणि तेच शिक्षक दिल्याने इंग्रजी न समजणाऱ्या मुलाला समान वागणूक मिळत नाही. हक्क असा मिळाला, मात्र पैसा त्या प्रमाणात आला नाही. ‘टायटल थ्री’ची, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठीच्या निधीची, केंद्रीय तरतूद वर्षाला सुमारे ८९ कोटी डॉलर असून देशात अशी मुले ५० लाखांहून अधिक आहेत, म्हणजे एका मुलामागे २०० डॉलरही पडत नाहीत. त्यातही २०२५ च्या जुलैत हा निधी ऐन वेळी रोखला गेला आणि महिनाअखेरीस सोडण्यात आला. तोवर शाळांना नेमणुकांचे नियोजन करणे अवघड झाले होते. उरलेला भार राज्याच्या अनुदानावर आणि स्थानिक प्रॉपर्टी टॅक्सवर येतो.

याचा अर्थ वर्गात गेल्याशिवाय कळत नाही. अपूर्णांकांची बेरीज फळ्यावर भराभर करणारी मुलगी तेच गणित शाब्दिक उदाहरणात आले की पेन्सिल खाली ठेवते, आणि तिच्याशेजारी बसून ते वाक्य उलगडून सांगणारी मदतनीस त्या वेळी दुसऱ्या इमारतीत असते, कारण तिचे तास अनेक शाळांत विभागलेले आहेत. शिक्षकांचा पगार ही स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेची, कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. आपला निधी मदतनिसांच्या वाढीव तासांसाठी, शाळा सुटल्यानंतरच्या शिकवणीसाठी आणि पुस्तकांसाठी वापरला जाईल.

आणखी एक कळकळीची विनंती. शाळाप्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेची माहिती विचारली जाते, तेव्हा मूल मागे पडेल या भीतीने आपल्यापैकी अनेक पालक ‘इंग्रजी’ लिहून मोकळे होतात. त्यामुळे मुलाची भाषाचाचणी राहून जाते, मदत हुकते आणि ज्या संख्येवर अनुदान ठरते ती संख्याही घटते. कृपया खरे तेच लिहावे.

गेल्या वर्षी याच कामासाठी केलेल्या आवाहनाला मोजक्याच घरांतून उत्तर आले, आणि त्याच महिन्यात दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटे हातोहात संपली. हे लिहिताना वाईट वाटते, पण लिहिणे भाग आहे. ज्यांची मुले याच वर्गांतून शिकून आज उत्तम नोकऱ्यांत आहेत, त्यांच्याकडून मंडळाची अपेक्षा अधिक आहे.

देणगी किमान ५० डॉलर. चेक मंडळाच्या नावे, मागे ‘ई.एस.एल. निधी’ लिहावे. मुदत ३१ ऑगस्ट. करसवलतीची पावती मिळेल. कंपनीचे मॅचिंग (तुमच्या देणगीला कंपनीने घातलेली जोड) असल्यास अर्ज स्वतः भरावा. आठवड्यातून एक तास शिकवू शकणाऱ्यांनी आणि पालकसभेत दुभाषी म्हणून बसू शकणाऱ्यांनी खजिनदारांकडे नाव द्यावे. स्कूल बोर्डाच्या अर्थसंकल्पावरील सुनावणीस सहकुटुंब यावे. तारीख कळताच कळवू.

आपला विनम्र,
कार्यवाह
(कार्यकारिणीच्या वतीने)