मासळीचा दर पाटीवर लिहा

संपादक महोदय,

दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर आल्या आहेत. आठ-दहा दिवसांत रत्नागिरीतले लॉज भरतील आणि खानावळींपुढे पुण्या-कोल्हापूरच्या गाड्या लागतील. त्याआधी एक मागणी आहे. त्या दिवशी कोणती मासळी आली आणि तिच्या ताटाचा दर काय, हे प्रत्येक खानावळीने दाराशी खडूने लिहावे. ‘दर साइजप्रमाणे’ ही मेनूकार्डावरची ओळ तेवढी पुसावी.

मी एसटीत ३१ वर्षे वाहक होतो. मूळचा मिरजेकडचा, घरात माळ. वस्तीची गाडी घेऊन रत्नागिरीला येऊ लागलो तेव्हा इथल्या चालकांनी मला मासे खायला शिकवले. (आईला शेवटपर्यंत सांगितले नाही.) वस्तीच्या भत्त्यात सुरमई बसायची नाही, म्हणून बांगडा, तारली, मांदेली यांवरच माझी जीभ तयार झाली. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले आणि भात, वर वाटीभर सोलकढी, एवढ्यावर सकाळी पाचची गाडी काढायचो. निवृत्तीनंतर इथेच राहिलो, त्याला हेही एक कारण आहे.

गेल्या जुलैत जावई आले. भर पावसात त्यांना मासे खायचे होते. एका बऱ्यापैकी मोठ्या हॉटेलात गेलो. वेटर म्हणाला, “सुरमई घ्या काका, आत्ताच बंदरावरून आलीय.” आता १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रबंदी असते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्याच सकाळी मी मिरकरवाड्याला चक्कर मारली होती. बोटी ताडपत्र्या पांघरून उभ्या होत्या. जावयांसमोर वाद नको म्हणून गप्प बसलो. तुकडा तोंडात घातला तर कापसासारखा कोरडा. दोन ताटांचे बिल आले १,१६० रुपये. मालकाला विचारले तर तो हसला, “पाहुण्यांना सुरमईच लागते, काका. आम्ही काय करणार?”

त्याचे अगदीच चुकले असे म्हणणार नाही. पाहुणे सुरमई आणि पापलेट या दोन नावांपलीकडे जात नाहीत. पापलेटला २०२३ मध्ये राज्य मासा केले, चांगले झाले; पण तारलीला ताटात कोण बसवणार? बांगडा आणि तारली थव्याने जाळ्यात येतात, म्हणून स्वस्त. तेलकट असल्याने लवकर खराब होतात, म्हणून बंदराजवळ खाण्यातच त्यांची खरी मजा. पुण्यात बसून ती चव मिळायची नाही. इतक्या लांब येऊन माणसे बर्फातली सुरमई खातात, याला काय म्हणावे!

बर्फातली मासळी विकू नये असे माझे म्हणणे नाही. ती बर्फातली आहे एवढे सांगावे. पावसाळ्यात खाडीची बोय असते, चिंबोऱ्या असतात, सोड्यांची खिचडी असते. तेच अभिमानाने वाढावे. नारळ, तेल, गॅस महागले हेही मान्य. दर वाढवा, पण लिहून वाढवा. माझ्या तिकिटावर भाडे छापलेले असायचे. गाडी घाटात गेल्यावर प्रवाशाला मी कधी ‘आता गर्दीप्रमाणे’ असे सांगितले नाही.

हे जमत नाही असे कुणी म्हणू नये. बंदराच्या वाटेवर दोघी जावा मिळून एक खानावळ चालवतात. पाच टेबले, स्टीलची ताटे. दाराला काळी पाटी टांगलेली असते. परवा तिच्यावर होते: बांगडा १८०, तारली १५०, मांदेली १६०, सुरमई (बर्फ) ४००. मांदेली कुरकुरीत, काट्यासकट खाण्याजोगी. मी दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा धाकटी बाहेर जाऊन ओल्या फडक्याने मांदेलीची ओळ पुसून आली. दीड वाजला होता. जाणार असाल तर त्याआधी जा.

— एक निवृत्त एसटी वाहक, रत्नागिरी