घड्याळ काढून ठेवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

काल रात्री माझ्या छोट्या लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीची मुख्य डोलकाठी बसवली. नकाशात दाखवलेला किंचित कल सांभाळायचा होता, म्हणून गोंद धरेपर्यंत ती दोन बोटांत पकडून बसले होते. दहा-बारा मिनिटं. हात अडकलेले, खोलीत कुणी नाही, फोनही लांब. आठ महिने 'लिहीन, लिहीन' म्हणत टाळलेलं हे पत्र त्या बारा मिनिटांत मनातल्या मनात लिहून झालं. कागदावर उतरवताना ते तसंच येईल याची खात्री नाही.

तुमचं नाव घालत नाही. घातलं तर तुम्ही महिनाभर माझ्याशी बोलणार नाही.

आपली भेट झाली तेव्हा माझ्या जहाजाची काय दशा होती ते तुम्हाला आठवत असेलच. न पाहिलेल्यांसाठी सांगते. लाकडी जहाजाच्या किटमध्ये आधी कणा असतो आणि त्यातल्या खाचांमध्ये आडवे बसवायचे बल्कहेड, म्हणजे फासळ्या. त्यांच्यावर पातळ लाकडी पट्ट्या एकीला एक लावत जायचं की जहाजाचं पोट तयार होतं. माझ्याकडच्या पुस्तिकेत या कामासाठी एकच ओळ होती: 'आता पट्ट्या लावून घ्या.' निदान दोन महिन्यांचं काम, आणि एक ओळ! तोफांच्या रंगाला मात्र अख्खं पान. मी उत्साहाच्या भरात डाव्या बाजूला एकामागून एक सहा पट्ट्या चिकटवून टाकल्या. उजवीकडे एकही नाही. कणा डावीकडे ओढला जाऊन केळ्यासारखा वाकला. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, पट्ट्या एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या आणि मधल्या फटींतून गोंदाचे थेंब बाहेर येऊन वाळले होते.

मदत मागितली नव्हती असं नाही. ज्यांच्याकडून किट घेतलं त्यांना कळवलं की चार पट्ट्या मुळातच चिरलेल्या आहेत. 'फोटो पाठवा.' पाठवले. 'आणखी स्पष्ट पाठवा.' तेही पाठवले. त्यानंतर जी शांतता पसरली ती आजतागायत आहे. मग एका अनुभवी गृहस्थांकडे जहाज घेऊन गेले. त्यांचा पहिला प्रश्न, "मुलासाठी करताय का?" मी म्हटलं, नाही, माझ्यासाठी. त्यावर त्यांनी जहाज नाळेला धरून एका हाताने उचललं, उलटं केलं, पट्टीच्या कडेत नख घालून पाहिलं (ती तिथेच कडकन मोडली) आणि निकाल दिला: टाकून द्या, प्लास्टिकपासून सुरुवात करा. त्यांचं चुकलं असं तेव्हा मला वाटलंही नाही. घरी येऊन मी खोका कपाटाच्या वर ठेवला, मागच्या कोपऱ्यात, सहज दिसणार नाही असा.

चार महिन्यांनी तो खाली काढला तो केवळ तुम्ही "एकदा बघू तरी द्या" म्हणालात म्हणून. आणताना मी सगळ्या सबबी पाठ करून आले होते. लाकूडच खराब होतं, पुस्तिका वाईट होती, वेळ मिळत नव्हता. खोका उघडला आणि तोंडातून एकही सबब निघाली नाही. तुम्हीही काही बोलला नाहीत. आधी उठून हात धुऊन आलात, नीट कोरडे केलेत. मग मनगटावरचं घड्याळ काढून टेबलाच्या कडेला ठेवलंत, बोटातली अंगठीही काढलीत, आणि विचारलंत, "हात लावला तर चालेल?"

काका, ते वाकडं होतं. गोंदाने बरबटलेलं होतं. त्याला ओरखडा पडेल म्हणून कुणी घड्याळ काढावं अशी त्याची लायकीच नव्हती, निदान माझ्या लेखी नव्हती. तुम्ही दोन्ही तळवे खाली घालून ते उचललंत, तान्ह्या बाळाची मान सावरावी तशी नाळेखाली बोटं धरलीत, आणि बराच वेळ नुसते बघत राहिलात. मला त्या क्षणी रडू येईल की काय असं झालं होतं, आणि लाकडी खेळण्यापायी कुणी रडतं का, म्हणून मी उगाच खिडकीकडे पाहत बसले.

पुढे तुम्ही जे शिकवलंत ते अनेकांना येत असेल. पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने सोडवता येतात, पांढरा गोंद त्याने मऊ पडतो, हे कुठेही कळलं असतं. एक पट्टी डावीकडे की लगेच एक उजवीकडे, हेही. पण त्या कागदाच्या फितीचं मला अजून नवल वाटतं. तुम्ही मधल्या फासळीवरून वरपासून कण्यापर्यंत कागदाची फीत गुंडाळून मापलीत: ९५ मिलिमीटर. पट्टी ५ मिलिमीटर रुंद, म्हणजे तिथे १९ पट्ट्या. मग तीच फीत नाळेजवळच्या फासळीवर: ५७. "एकोणीस जणींना सत्तावन्नात बसायचंय," तुम्ही म्हणालात, "प्रत्येकीने थोडं अंग चोरायला नको?" बस्स. पुढच्या टोकाला प्रत्येक पट्टी ३ मिलिमीटरपर्यंत निमुळती करायची. पट्टी चपटी छान वळते, पण कडेवर वळवायला गेलं की उलटते आणि शेजारणीच्या अंगावर चढते. माझं सगळं रामायण एवढ्यावरून झालं होतं, आणि पुस्तिकेला ते सांगावंसं वाटलं नव्हतं.

पट्टी गरम पाण्यात भिजवून वाकवायला काय वापरू असं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, घरात केस कुरळे करायचं यंत्र असेल ना? होतं. 'मुलासाठी करताय का' विचारणाऱ्या त्या गृहस्थांच्या सगळ्या हत्यारांत ते नसणार याचा मला जो आनंद झाला, तो फारसा सात्त्विक नव्हता.

आणि जहाजाची गोष्ट. मी बीगल निवडलं ते डार्विनच्या नावाला भुलून. एवढंच माहीत होतं की १८३१ ते १८३६ तो त्यातून फिरला. तुम्ही बाकीचं सांगितलंत. १८२० मध्ये पाण्यात उतरलेलं हे दहा तोफांचं छोटं ब्रिग, म्हणजे दोन डोलकाठ्यांचं जहाज, आणि त्या वर्गातल्या जहाजांना आरमारात 'शवपेट्या' म्हणत, इतका त्यांचा लौकिक वाईट. मग दुरुस्त्या झाल्या. तिसरी डोलकाठी मागाहून आली, डार्विनच्या सफरीआधी डेकही उंचावला. जेमतेम साडेसत्तावीस मीटर लांबीच्या त्या जहाजात डार्विनला झोपायला झोळी बांधली, तर पाय पसरायला जागा पुरेना, म्हणून कपाटाचा एक खण काढावा लागला. तेच जहाज पृथ्वीला वळसा घालून आलं. "तुमची शवपेटी वाकडी आहे एवढंच," असं म्हणून तुम्ही इतके हसलात की मलाही हसावं लागलं. चार महिन्यांत मी त्या खोक्याकडे बघून पहिल्यांदा हसले असेन.

खरं तर आणखी एक गोष्ट मी तुमच्याकडून घेतली आहे आणि ती अजून पचलेली नाही. माझ्या जहाजाला पट्ट्यांचे दोन थर आहेत. आतला दीड मिलिमीटर जाडीचा, साध्या लाकडाचा. त्यावर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ थर. आतला थर एकदा झाकला की जन्मात कुणाला दिसत नाही. तरी तुम्ही पहिल्या दोन फासळ्यांच्या मध्ये बाल्साचे, म्हणजे हलक्या मऊ लाकडाचे, ठोकळे बसवून, ते गोलाईत घासून, पट्ट्यांना टेकायला जागा करायला लावलीत. मी म्हटलं, हे कोण बघणार? तुम्ही म्हणालात, "वरची पट्टी बघेल." मला वाटतं माणसांतही असे दोन प्रकार असतात. काही जण वरचा थर चकचकीत ठेवतात. मदत करतात तीही चार लोकांना दिसेल अशी, आणि नंतर वर्षभर तिची आठवण करून देतात. तुम्ही माझ्या मोडक्या जहाजावर तीन रविवार घालवलेत. पण सुरी एकदाही माझ्या हातातून काढून घेतली नाहीत. मी पट्टी चुकीची कापायचे तेव्हा तुम्हाला ते आधीच दिसत असणार, तरी तुम्ही कापून होईपर्यंत गप्प राहायचात आणि मग नवी पट्टी पुढे सरकवायचात. त्या गप्प राहण्याला किती संयम लागतो ते मला आता कळतं, कारण हल्ली शेजारची मुलगी माझ्याकडे शिकायला येते आणि माझी जीभ काही थांबत नाही.

बाकी ख्यालीखुशाली म्हणाल तर, पोट झालं. डावीकडे तिसऱ्या पट्टीशी एक खळगा राहिलाय, अक्रोडाखालूनही बोटाला लागतो. तो मी भरला नाही. आता दोरकाम सुरू होईल. दोरा मधमाश्यांच्या मेणातून ओढून घेतला की त्याची लव बसते, हे तुमचं सांगणं पाळतेय. धास्ती आहे ती दोरांच्या शिड्यांची. खऱ्या जहाजावर दोन पायऱ्यांत साधारण सव्वा फूट, म्हणजे १:६० च्या मापात सहा मिलिमीटर, आणि प्रत्येक दोराशी एक गाठ. परवा सरावाला खिळ्यांवर दोरे ताणून तीस गाठी मारल्या, त्यातल्या सात बऱ्या आल्या. शिडं लावायची की नुसत्या डोलकाठ्या ठेवायच्या यावरही मन ठरत नाही. शिडं लावली तर एवढं दोरकाम झाकून जाईल, नाही लावली तर बघणारा प्रत्येक जण शिडं कुठेत म्हणून विचारेल. तुमचं मत हवंय.

आणि हो, तुमच्या त्या छोट्या लाकडी चिमट्यांपैकी चार माझ्याकडेच राहिलेत. त्यातल्या एकाला गोंद लागला होता, तो खरवडून काढलाय. मागच्या डोलकाठीचं काम संपेपर्यंत ते ठेवून घेऊ का?

तुमची,
बीगलवाली