सज्ज, सुसज्ज आणि तुमचे सूचनापत्रक

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही पाठवलेला आपत्तीविषयक सूचनापत्रकाचा मसुदा मिळाला. ‘प्रत्येक कुटुंबाने सुसज्ज राहावे’ या वाक्यावरून तुमच्या समितीत वाद झाला आणि तुम्ही माझे मत विचारले आहे. इकडे अनुवादाच्या कामात हे शब्द सतत हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माणसाने स्वतः तयार असणे आणि लागेल ते त्याच्या हाताशी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या मसुद्याने दोन्हींचा भार एकट्या ‘सुसज्ज’वर टाकला आहे.

पहिल्या गोष्टीचे शब्द बहुतेक बांधण्याचे आणि ताणण्याचे आहेत. ‘सज्ज’च्या मुळाशी ‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी आहे. दोरी चढवलेले धनुष्य ते सज्ज. धनुष्य एरवी दोरी उतरवून ठेवतात, कारण कायम ताणलेले राहिले तर त्याचा जोर कमी होतो, आणि म्हणूनच या शब्दात प्रसंग अगदी जवळ येऊन ठेपल्याची सूचना आहे. ‘सन्नद्ध’मध्ये ‘नह्’ म्हणजे बांधणे हा धातू आहे. अंगावर चिलखत बांधलेला तो सन्नद्ध. कंबर कसणे, पदर खोचणे यांतही जे सैल आहे ते आवळून घेणेच आहे, आणि फारसीतून आलेल्या ‘बंदोबस्त’मध्ये तर बांधणे दोनदा आले आहे. ‘कटिबद्ध’ही याच घराण्यातला, पण तो आता भाषणांपुरता उरला आहे आणि तिथे कंबर कोणी बांधत नाही.

‘तयार’ची गोष्ट वेगळी. हा अरबी शब्द फारसीमार्फत आपल्याकडे आला आणि त्याचे मूळ उडण्याच्या क्रियेत आहे. मराठीत मात्र तो इतका पसरला की पिकलेले फळ तयार, शिवून झालेला सदरा तयार, रियाजाने कमावलेला गळाही तयार. शिवाय ‘तो यायला तयार आहे’ म्हटले की त्याची केवळ संमती कळते, सामान बांधून झाले की नाही ते कळत नाही. पत्रकात ‘तयार राहावे’ लिहिले तर चूक होणार नाही, पण वाचणाऱ्याला नेमके काय करायचे तेही समजणार नाही.

आता ‘सुसज्ज’. घडणीने तो ‘सज्ज’चाच थोरला भाऊ, पण वापराने तो साधनसामग्रीकडे गेला आहे. प्रयोगशाळा, ग्रंथालय, रुग्णालय सुसज्ज असते, सैन्यही असते. कुटुंबाला सुसज्ज राहायला सांगितले की घरातली सगळी मंडळी शिरस्त्राणे चढवून दारात उभी असल्यासारखी मला दिसतात. तुमचे निवारा केंद्र मात्र खुशाल सुसज्ज म्हणा, अर्थात तिथे खरोखर सगळे असेल तर.

जवळ असण्याच्या शब्दांत बांधण्याऐवजी पुरेपणाचा आणि निश्चिंतीचा विचार दिसतो. ‘सामग्री’ हा शब्द ‘समग्र’वरून आला आहे, त्यामुळे एखादी वस्तू कमी असेल तर मुळातल्या अर्थाने ती सामग्रीच नव्हे. ‘बेगमी’ मला सर्वांत आवडतो. बे-गम म्हणजे चिंता नसलेला, आणि पुढच्या काळासाठी साठवण करून ठेवणे ती बेगमी, म्हणजे मनाच्या अवस्थेचे नाव थेट साठ्याला मिळाले. ‘सरंजाम’ने याहून लांबचा प्रवास केला. तो मुळात साहित्य आणि सिद्धता यांचा शब्द. मराठा राज्यात फौज बाळगण्यासाठी सरदारांना जो प्रदेश लावून दिला जाई, त्याला सरंजाम म्हणू लागले, आणि त्यावरून आपण एका संपूर्ण समाजव्यवस्थेला सरंजामशाही हे नाव दिले.

पत्रकात एवढे शब्द नकोतच. तिथे कोणी काय करायचे हे स्पष्ट झाले की पुरे. त्यासाठी ‘तरतूद’ आणि ‘पुरवठा’ यांतला फरक पाळा. तरतूद आपण गरजेच्या आधी करतो, म्हणूनच अर्थसंकल्पात आणि कायद्यात हाच शब्द बसतो. पुरवठा दुसऱ्याकडून होतो आणि तो थांबूही शकतो. ‘तजवीज’ हातात काही नसताना मार्ग काढण्याची आहे, तेव्हा ती समितीच्या अंतर्गत टिपणातच राहू द्या. जाहीर पत्रकात ती वाचली तर लोकांना घोर लागेल. ‘जय्यत’ही काढून टाका. तो ‘तयारी’ला सोडून कुठे जात नाही, आणि त्याला थाटामाटाचा वास आहे.

माझी दुरुस्ती अशी: ‘प्रत्येक कुटुंबाने पिण्याचे पाणी, नेहमीची औषधे, विजेरी आणि महत्त्वाच्या कागदपत्रांच्या प्रती यांची आधीच तरतूद करून ठेवावी. इशारा मिळताच घर सोडण्यास सज्ज राहावे. निवारा केंद्रात अंथरूण-पांघरूण व प्रथमोपचाराच्या साहित्याचा पुरवठा समितीमार्फत केला जाईल.’ शेवटच्या वाक्यातील ‘केला जाईल’ला समितीत कोणी हरकत घेतली, तर पुरवठा कोण आणि केव्हा करणार हे त्यांच्याकडून त्याच बैठकीत लिहून घ्या आणि मला कळवा, वाक्य त्याप्रमाणे बदलून पाठवीन.

आईला नमस्कार.

तुमची,
मुलगी