माडाचे पेन करा, सांबरशिंगाचे नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लेथवर, म्हणजे तुकडा फिरवून कातायच्या यंत्रावर, हरणाच्या शिंगाचे पेन करण्याची कृती आली. कृतीत चूक नाही, फोटोही झकास. पण ती बेतली आहे अमेरिकेतल्या हौशी कारागिरांच्या पद्धतीवर. तिकडे गळून पडलेली शिंगे बऱ्याच राज्यांत उचलता आणि विकताही येतात. आपल्याकडे सांबर-चितळाचे शिंग आणि त्यापासून केलेली वस्तू, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. ‘आपोआप गळलेले होते’ ही सबब चालत नाही, कारण जंगलात सापडलेले शिंग १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार वनोपजच ठरते. पडवीत टांगलेल्या आजोबांच्या वेळच्या शिंगाचा रीतसर मालकी दाखला असला, तरी ते विकता येत नाही. उगाळायला म्हणून सांबरशिंगाचा तुकडा कोकणात अजूनही काही घरांत असतो. लेख वाचून कोणी तरी नेमका तोच लेथला लावायचा, म्हणून हे पत्र.

ज्यांना हे कसब शिकायचे आहे त्यांनी जुन्या माडाचे लाकूड घ्यावे. हरणाचे शिंग म्हणजे हाडच, बाहेरून टणक आणि आत सच्छिद्र. माडाचेही तसेच आहे. बुंध्याच्या बाहेरच्या अंगाचे लाकूड काळसर तंतूंनी गच्च भरलेले, तर मधला भाग भेंडासारखा मऊ. त्यामुळे शिंगाला जी काळजी लागते ती इथे जवळजवळ जशीच्या तशी कामी येते.

झाड निदान ५०-६० वर्षांचे हवे आणि तुकडा बुंध्याच्या खालच्या भागातला, सालीलगतचा हवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात आडवे झालेले माड ज्यांनी लगेच चिरून आडोशाला रचून ठेवले, त्यांच्याकडे उत्तम सुकलेला माल असणार. उघड्यावर पावसात राहिलेल्या ओंडक्यांचा नाद सोडावा, त्यांत बुरशी शिरलेली असते.

शिकायला ‘स्लिमलाइन’ हा साधा, फिरवून उघडायचा पेन बरा. त्याच्या सुट्या भागांत ७ मिमी व्यासाच्या, सुमारे ५३ मिमी लांब अशा दोन पितळी नळ्या येतात. १८ ते २० मिमी चौरस तुकडा दोन्ही नळ्यांच्या मापापेक्षा बराच लांब घ्यावा, कारण ड्रिल पलीकडून बाहेर पडताना लाकडाचा टवका उडतो. तो भाग नंतर कापून टाकता येतो. कापल्यावर प्रत्येक तुकडा नळीहून २-३ मिमी लांब उरावा. दोन्ही तुकड्यांच्या जोडावर आधीच पेन्सिलीने खूण करावी, नाही तर तयार पेनात रेषा जुळत नाहीत. भोक ७ मिमीच्या ड्रिलने, कमी वेगात, दर ८-१० मिमीला ड्रिल मागे घेऊन भुसा काढत पाडावे. भुसा अडकला की ड्रिल तापते, तंतूंमधल्या मऊ भागाकडे कलते आणि भोक तिरके जाते.

नळी भोकात चिकटवण्यात घाई नको. पॉलिश पेपरने घासून तिला खरखरीत करावे आणि काळा किंवा गडद तपकिरी रंग द्यावा. कारण साधे आहे: पेन पूर्ण झाल्यावर टोकांशी जाडी सुमारे ८.४ मिमी उरते, म्हणजे नळीवर लाकूड जेमतेम ०.७ मिमी. एखादा तंतू निघाला की पितळ चमकते. दोन घटकांचा इपॉक्सी गोंद रात्रभर सुकू द्यावा. नळीची तोंडे आधी मेणाने बुजवावीत. आत गोंद शिरला तर शेवटी पेन फिरवून उघडायची यंत्रणा दाबून बसत नाही आणि जोर केला की तुकडा उभा चिरतो. मग टोके नळीला काटकोनात सपाट करावीत. तिथे तिरकेपणा राहिला, तर पेनाचे धातूचे कडे (रिंग) आणि लाकूड यांच्यात फट दिसते.

मँड्रेलचा, म्हणजे तुकडे ओवून लेथवर फिरवायच्या दांड्याचा, नट बोटांनी आवळावा, पान्ह्याने नव्हे. दाब जास्त झाला की दांडा वाकतो आणि पेन लंबगोल होतो. एका बाजूने कडे लाकडाशी सपाट, दुसऱ्या बाजूने नखाला लागणारी पायरी, असे दिसले की दोष हाताचा नाही, दाबाचा आहे. माडाच्या लाकडात सिलिका असल्याने पोलादी पटाशीची धार लवकर जाते, कार्बाइडचे पाते टिकते. तुकडा कातत आणून बुशपेक्षा, म्हणजे दांड्यावर तुकड्यांच्या टोकांशी बसवलेल्या मापाच्या कड्यांपेक्षा, साधारण १ मिमी जाड असताना लेथ थांबवून पातळ सुपरग्लू सगळीकडे जिरवावा, टोकांना दोनदा. शिंगाची छिद्रेही अशीच बुजवतात. ग्लू टिश्यू पेपरवर घ्यावा. सुती कापडावर तो एकदम तापतो, धूर येतो, बोट भाजते. मग हलक्या हाताने शेवटचे कातकाम आणि २४०, ४००, ६०० नंबरचे पॉलिश पेपर. प्रत्येक नंबरनंतर लेथ बंद करून लांबीच्या दिशेने घासले नाही, तर गोल ओरखडे पॉलिशखाली कायमचे राहतात. एन-९५ मास्क हवाच.

लाखेचा मोह इथे आवरावा. केवड्याच्या पात्याने घोटलेली लाख सावंतवाडीच्या खेळण्यांवर शोभते, पण रोज घामेजल्या बोटांत राहणाऱ्या पेनावर ती पांढुरकी पडते. सुपरग्लूचेच सहा-आठ पातळ हात द्यावेत.

म्हशीचे शिंगही चालते, त्याला वन्यजीव कायदा आड येत नाही. फक्त ते हाड नव्हे, नखाच्या जातीचे. तापले की मऊ पडते, आणि गार झाल्यावर भोक आवळते. म्हणून भोक पाडून एक दिवस थांबावे, मगच नळी घालून पाहावी.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. खाऱ्या हवेने मँड्रेल गंजतो आणि बुश त्यावर अडकून बसतात, म्हणून काम झाल्यावर तेलाचा हात फिरवावा. तेच तेल नळीला लागले तर गोंद धरत नाही, तेव्हा जोडकाम वेगळ्या टेबलावर. स्वस्त सोनेरी मुलाम्याचे भाग घेऊ नयेत, क्रोमचे घ्यावेत.

आपले,
लेथवर लाकूडकाम करणारे काही वाचक
ता. श्रीवर्धन, जि. रायगड