शिट्टी देण्याआधी तासभर शिकवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मोठ्या मिरवणुका आणि सभांच्या वेळी पोलिसांच्या मदतीला स्वयंसेवक घेतले जातात, हे चांगलेच आहे. पण पुष्कळदा जॅकेट, ओळखपत्र आणि शिट्टी हातात दिली, एक पॉइंट नेमून दिला आणि 'गर्दी आवरा' म्हटले की तयारी संपली असे समजले जाते. गर्दी आवरणे हे स्वयंसेवकाचे काम नाहीच. ती कुठे दाटते आहे हे आधी ओळखून वेळेत कळवणे हे त्याचे काम, आणि ते शिकवावे लागते.

एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसे असतील तोवर चालणारे आपल्या चालीने चालतात. चार झाली की पावले अडखळतात. पाच-सहाच्या पुढे माणूस स्वतःच्या मर्जीने हलत नाही, गर्दी त्याला हलवते. पॉइंटवर उभ्याउभ्या मोजणी होत नाही, म्हणून खुणा पाहाव्यात : माणसांमधली जमीन दिसेनाशी होते, हात छातीशी अडकतात, आईबाप मुलांना खांद्यावर घेऊ लागतात. सगळी गर्दी एकदम हेलकावू लागली, तर उशीर झालेला असतो. माणसे तुडवली जाऊन मरतात असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेकांचा जीव छाती दाबली जाऊन, श्वास घेता न आल्याने जातो, कित्येकदा उभ्या जागीच.

दक्षिण कोरियाची राजधानी सोलमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री जेमतेम तीन मीटर रुंदीच्या उतरत्या गल्लीत झालेल्या चेंगराचेंगरीत १५९ बळी गेले. धोक्याचा पहिला फोन पोलिसांना संध्याकाळी ६.३४ ला आला होता; दुर्घटना दहानंतर घडली. म्हणजे नुसते कळवून भागत नाही; काय करायला हवे ती मागणी निरोपातच असावी. 'इथे फार गर्दी आहे' याला अर्थ नाही. 'पॉइंट सात, जिन्याचा पायथा, लोकांचे हात वर येत नाहीत, पुलावरून लोक येतच आहेत, पूल बंद करा' हा निरोप झाला. वॉकीटॉकीचे बटण दाबून सेकंदभर थांबावे, मग बोलावे. नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि तो नेमका पॉइंटचा असतो. मोबाइलवर विसंबू नये, दाट गर्दीत नेटवर्क बसते. पायी निरोप नेणारा एक जण राखीव हवाच.

ओघ थांबवायचा तो मागून, आणि माणसे मोकळी करायची तीही मागच्या टोकापासून. पुढच्यांना 'मागे सरका' ओरडून काय होणार? त्यांना सरकताच येत नसते.

दोर आणि मानवी साखळी यांचा सर्वाधिक गैरवापर होतो. दोन्ही वापरायच्या त्या प्रवाहाच्या कडेने, प्रवाहाला आडव्या कधीच नाहीत. आडवी साखळी तुटते तेव्हा साखळीतलेच आधी पडतात, आणि मागचे त्यांच्यावर. दोर कमरेच्या उंचीवर ताणलेला हवा, कारण सैल पडला की घोट्यात अडकतो. टोके खांबाला बांधू नयेत, माणसांच्या हातात ठेवावीत, म्हणजे क्षणात सोडता येतात. स्वयंसेवकानेही भिंतीला किंवा कठड्याला पाठ लावून उभे राहू नये.

हरवलेले मूल सापडले तर दोघांनी मिळून ठरलेल्या कक्षात न्यावे. भोंग्यावरून त्याचे नाव आणि कपडे सांगू नयेत. न्यायला येणाऱ्याने ती माहिती स्वतः द्यायला हवी. मुलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणे तर सर्वांत वाईट. बेवारस पिशवीला हात लावू नये, लोकांना लांब नेऊन मगच कळवावे; पिशवीजवळ वॉकीटॉकी वापरू नये. कोणाची झडती घेणे, फोन तपासणे, काठी उगारणे हे स्वयंसेवकाच्या अधिकारात नाही. त्याने वर्णन लक्षात ठेवावे आणि जवळच्या हवालदाराला सांगावे.

दर दोन तासांनी पाळी बदलावी. थकलेल्या डोळ्यांना खुणा दिसत नाहीत.

हे सारे तासाभरात शिकवता येते, मात्र सभागृहात बसवून नव्हे, त्या जागेवर चालत. प्रत्येकाने आपल्या पॉइंटपासून बाहेर पडायच्या दोन वाटा आदल्या दिवशी पायी तपासाव्यात, आणि वाटेतल्या फाटकाला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे ते लिहून घ्यावे.

– स्वयंसेवकांचे प्रशिक्षक