पानामागे दर लावून चित्रपुस्तकं घेऊ नका: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

पहिली-दुसरीच्या वर्गांसाठी प्राण्यांची गमतीदार चित्रपुस्तकं घेताना निविदेत पानामागे दर आणि शब्दसंख्या मागू नये, ही विनंती करायला आम्ही नाशिकहून हे पत्र लिहीत आहोत. अशा पुस्तकातली गंमत शब्द आणि चित्र यांच्या फटीत असते. शब्द वाढले की ती फट बुजते.

समजा, म्हैस डोहात बसली आहे. मजकूर एवढाच: ‘निघतेच आहे आता.’ पान उलटलं, पुन्हा तेच वाक्य. चित्रात मात्र ऊन कललंय, बाकीच्या म्हशी काठावर चढल्यात. तिसऱ्या जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर, अंधार, पाण्यावर नुसती शिंगं आणि नाकपुड्या, बगळाही झाडावर झोपायला गेलेला. वाक्य तेच. अक्षरं न येणारं मूलसुद्धा इथे हसतं, कारण म्हशीची थाप त्याची त्याला कळते. ‘मजकूर फार कमी आहे’ म्हणून कुणी खाली ‘म्हशीला बाहेर यायचंच नव्हतं’ असं घातलं, की मुलाला शोधायला काही उरत नाही.

पानांचा हिशेबही असाच नाजूक. १६ पानी पुस्तकात सात जोडपानं आणि दोन सुटी पानं मिळतात. प्रश्न उजव्या पानावर, उत्तर पान उलटल्यावर. सुरुवातीला शुभेच्छासंदेशाचं एक पान घुसवलं, तर पुढचं सगळं एका पानाने सरकतं: उत्तर प्रश्नाच्या शेजारीच येऊन बसतं आणि जोडपानभर पसरलेला बिबट्या अर्धा इथे, अर्धा मागे. संदेश हवाच असेल तर मुखपृष्ठाच्या आत छापावा. ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) पातळ कागदातून मागचं चित्र दिसतं, म्हणजे गंमत आधीच फुटते. निदान १३० जीएसएमचा मॅट कागद हवा. चकचकीत कागदावर खिडकीचा उजेड पडला की मागे बसलेल्या मुलांना चित्रच दिसत नाही. इगतपुरी-सुरगाण्याच्या पावसात पिना गंजतात, म्हणून दोऱ्याची शिलाई. अक्षर २४ पॉइंटांच्या खाली नको.

विनोद प्राण्याच्या खऱ्या वागण्यातून यावा, हा आमचा आग्रह आहे. दबा धरून बसलेला बिबट्या आणि झाडावरून ओरडून साऱ्या रानाला त्याचा पत्ता सांगणारं वानर, यात भरपूर हसू आहे. पण निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात बिबटे खरोखर असतात. तिथल्या मुलाला बिबट्याच्या गळ्यात हात टाकलेलं चित्र देणं धोक्याचं आहे. कोसळत्या पावसात निवांत चरणारी डांगी गाय आपल्याच जिल्ह्यात आहे. कांगारूंसाठी घाई कशाला? आणि लठ्ठपणा किंवा रंग यांवरचे विनोद यादीत येऊच नयेत.

एकेका पुस्तकाची एकच प्रत घेतली तर ती कपाटात जपली जाते. नावं कमी चालतील, पण प्रत्येकाच्या पाच प्रती द्या; चार-पाच मुलं एका पुस्तकाभोवती बसू शकतात. निवड समितीने छापील नमुना पहिलीच्या वर्गात वाचून दाखवावा, मुलं कोणत्या पानावर हसली ते नोंदवावं, आणि निविदेतलं दराचं पाकीट त्यानंतर उघडावं.

आपले,
नाशिकमधील बालपुस्तकांचे लेखक, चित्रकार आणि मुद्रक